सोन्याचा खिळा आणि रसेलचा फोटो
युटामधल्या प्रोमॉन्टरी समिट इथे १० मे १८६९ रोजी युनियन पॅसिफिक आणि सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपन्यांचे रूळ जुळले. अँड्र्यू रसेलने काचेच्या प्लेटवर टिपलेल्या फोटोत ‘जुपिटर’ आणि ‘११९’ ही इंजिनं समोरासमोर उभी आहेत. त्यांवर चढलेल्यांच्या हातांत चक्क शॅम्पेनच्या बाटल्या! या रुळांसाठी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडणारे हजारो चिनी मजूर मात्र या गर्दीत जवळपास दिसतच नाहीत. रूळ जुळल्याच्या समारंभासाठी केलेला सोन्याचा खिळा ठोकायला फारच मऊ, म्हणून रुळाखालच्या लॉरेलच्या लाकडी स्लीपरला आधीच भोक पाडलं होतं. समारंभानंतर दोन्ही लगेच काढून घेतले. खिळा आज स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे. स्लीपर १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतरच्या आगीत जळाला. इंजिनंही भंगारात गेली. प्रोमॉन्टरीला आज उभ्या आहेत त्या १९७९च्या प्रतिकृती.