*अमोनियाचा वास आला तर कोल्ड स्टोरेजमधून बाहेर कसं पडायचं?*



पुरात घर कसं सोडायचं हे आपल्या भागाला २००५, २०१९ आणि २०२१ नं शिकवलं. पण पूर सांगून येतो. कोयनेचा विसर्ग, आयर्विन पुलाची पातळी मोबाईलवर येत राहते. भिलवडी, आमणापूरच्या माणसाला जनावरं हलवायला थोडा तरी वेळ मिळतो. वायुगळतीत तो वेळ नसतो. २१ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी शेजारच्या कडेगाव तालुक्यात, शाळगाव एमआयडीसीतल्या खत कारखान्यात वायुगळती झाली आणि तीन जणांचा जीव गेला.

आपला खताचा कारखाना नाही. पण द्राक्ष, बेदाणा ठेवायच्या अनेक कोल्ड स्टोरेजमध्ये थंडावा अमोनियावरच तयार होतो. म्हणून माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

*अमोनिया काय करतो?*
अमोनिया उणे ३३ अंशाला उकळतो, म्हणून मशीनमध्ये तो दाबाखाली ठेवलेला असतो. पाइप फुटला की तो पांढऱ्या धुक्यासारखा बाहेर येतो. एरवी हा वायू हवेपेक्षा हलका, पण गळतीचं गार धुकं जमिनीलगत पसरतं. त्याला पाण्याची ओढ फार, म्हणून डोळे, नाक, घसा आणि घामेजलेलं अंग इथं तो आधी भाजतो. वास अगदी थोड्या प्रमाणातही कळतो, ही आपल्या बाजूची गोष्ट. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की जिवाला धोका. मात्र थोड्या वेळानं नाक वासाला सरावतं. वास कमी वाटला म्हणजे गळती थांबली, असं समजू नका.

*बाहेर पडताना*
१) झोंबणारा वास आला की मोठ्यानं ओरडून सगळ्यांना सांगा आणि निघा. क्रेट, काटा, डबा, मोबाईल जिथं आहे तिथं राहू द्या.
२) आधी वारा बघा. झेंडा, झाडाचा शेंडा, धूळ कुठं जाते ते बघा. वारा आपल्याकडून गळतीकडं जात असेल अशा बाजूला जा. मध्ये धुकं आडवं आलं तर त्यात घुसू नका, वाऱ्याला आडवं चालत बाजूला व्हा.
३) ओला रुमाल किंवा पदर नाकाला धरा. यानं थोडी मदत होते, पण तो मास्क नव्हे. त्याच्या भरवशावर आत थांबू नका.
४) शेडमधली गाडी सुरू करू नका, लाइटची बटणं चालू-बंद करू नका. बंद जागेत अमोनिया खूप साठला तर ठिणगीनं पेट घेतो.
५) गळतीवर पाण्याची पाइप मारायला जाऊ नका. साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडलं की वायू आणखी जोरात उठतो. व्हॉल्व्ह बंद करणं हे फक्त मास्क आणि सिलिंडर घातलेल्या ऑपरेटरचं काम.
६) ठरलेल्या जागी जमा, हजेरी होईपर्यंत घरी जाऊ नका. मग १०१, १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि गळती अमोनियाची आहे हे आधी सांगा.

*अंगावर किंवा डोळ्यात गेला तर*
कमीत कमी १५ मिनिटं साध्या पाण्यानं धूत राहा. भिजलेले कपडे काढा. कापड कातडीला चिकटून गोठलं असेल तर ओढू नका, आधी पाणी ओता. डोळे चोळू नका, मलम लावू नका. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण छातीचा त्रास काही तासांनीसुद्धा सुरू होतो.

*सभासदांनी करायचं काम: नावं लिहा*
आपले कामगार रजिस्टरला असतात. पण तुमच्या पिकअपबरोबर आलेला ड्रायव्हर, पेट्या उतरवायला आणलेली दोन पोरं, पॅकिंगला आलेल्या एखाद्या ताईबरोबरचं लेकरू यांची नोंद कुठंच नसते. हजेरीत एक माणूस कमी भरला की कुणीतरी त्याला शोधायला आत पळतं. माणूस खरंच आत असला तर बिनमास्कचा शोधणाराही पडतो. तो आधीच चहाला बाहेर गेलेला असला, तर शोधणारा उगीचच जातो. म्हणून येताना गेटवर प्रत्येकाचं नाव लिहा आणि जाताना खोडा. दोन मिनिटं जातील, रांग थोडी वाढेल, तरी लिहा.

पुढच्या वेळी माल घेऊन याल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या: जमायच्या जागा कुठं आहेत? बाहेर जायचा दुसरा दरवाजा कुठला, आणि त्याच्यापुढं क्रेट तर रचले नाहीत ना? थंड खोलीचं दार आतून कसं उघडतं? दार स्वतः उघडून बघा.

सगळ्याच कामगारांकडं स्मार्टफोन नाही. हा मेसेज मुकादमाला, ड्रायव्हरला आणि पॅकिंगच्या महिलांना वाचून दाखवा. माल परत पिकवता येतो.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पलूस