बालकांतील हृदयगतीची अखंड नोंद

धावताना मूर्च्छित झालेले बालक पुष्कळदा प्रथम आपल्याच चिकित्सालयात आणले जाते. तोवर ते शुद्धीवर आलेले असते, नाडी सम लागते व ई.सी.जी.ही प्राकृत निघतो. परंतु ई.सी.जी. ही अवघ्या दहा सेकंदांची नोंद होय. गतिविकृती क्षणिक असते. ती घडत असतानाच टिपली गेली पाहिजे. नाडीपरीक्षेलाही हीच मर्यादा आहे, हे आम्ही आग्रहाने नमूद करतो.

अशी अखंड नोंद घेणारे यंत्र अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे आरंभीचे यंत्र सुमारे ३८ किलोचे असून पाठीवर वाहावे लागे. आज ते बालकाच्या कमरेला सहज अडकविता येते.

लक्षणे रोज होत असतील तर २४ ते ४८ तासांचे होल्टर पुरते. आठवड्या-दोन आठवड्यांनी होत असतील तर छातीवर चिकटविण्याची, १४ दिवसांपर्यंत नोंद घेणारी पट्टी उपयुक्त. मूर्च्छा महिनोन्महिने येत नसेल तर तज्ज्ञ त्वचेखाली लहान नोंदयंत्र बसवितात. नोंदीच्या काळात लक्षण घडलेच नाही, तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. म्हणून पालकांनी खेळ, झोप, छातीतील धडधड, भोवळ यांची वेळेसह टिपणे ठेवावीत. श्वासाबरोबर गती कमी-अधिक होणे बालकांत प्राकृतच असते. त्यावरून पालकांना घाबरवू नये.

मात्र परिश्रम, पोहणे वा आकस्मिक मोठा आवाज यांमुळे मूर्च्छा आली असेल, किंवा कुटुंबात तरुणपणी अकस्मात मृत्यू घडला असेल, तर होल्टरची वाट न पाहता त्याच दिवशी बालहृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे व तोवर खेळ बंद ठेवावा. दीर्घ क्यू-टी विकारातील असे झटके अपस्मार समजून वर्षानुवर्षे उपचारिले जातात.

आता आपल्या औषधांविषयी. वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन हृदयगती बिघडविते हे सर्वश्रुत आहे. शोधनाने विषत्व घटते, तरीही शंकित बालकास त्रिभुवनकीर्ति, आनंदभैरव यांसारखे कल्प देऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. सोमलतेतील एफेड्रिन गती वाढविते. यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. औषधालयचालकांनी ज्वर-कासासाठी औषध मागणाऱ्या पालकांना बालकास कधी भोवळ आली होती काय, एवढे अवश्य विचारावे. आणि चालू असलेल्या सर्व कल्पांची नावे होल्टरच्या चिठ्ठीसोबत तज्ज्ञाकडे लिहून पाठवावीत.