लियोंचे ‘बुशों’ : विणकरांच्या पंक्तीतील अन्न

फ्रान्स देशाचे नाव निघताच पॅरिस नगरी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु उत्तम जेवण कोठे मिळते, असे फ्रेंच माणसास विचारल्यास तो बहुधा रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावर वसलेल्या लियों शहराकडे बोट दाखवील.

तेथील लहान अन्नगृहांना ‘बुशों’ म्हणतात. चौकड्यांचे टेबलपोस, एकमेकांस खेटलेली आसने आणि घरगुती गजबज, असे त्यांचे रूप असते. एकोणिसाव्या शतकात लियोंमध्ये रेशीम विणणारे हजारो कारागीर होते. पहाटेपासून मागावर राबणाऱ्या या विणकरांना सकाळीच स्वस्त पण भरपेट अन्न लागे. श्रीमंतांनी नाकारलेले मांसाचे भाग त्यांच्या वाट्यास येत. त्यांतूनच येथील पाककला बहरली. वजडीचे तुकडे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. पाइक या अतिकाटेरी मासळीचा गर मैदा, अंडी व लोणी यांत कालवून ‘केनेल’ नावाचे मऊ, लांबट गोळे करतात. ‘विणकराचा मेंदू’ हे नाव ऐकून मात्र दचकू नये; ते केवळ ताजे चीज असून त्यात कांदा, हिरवा पाला व सिरका घातलेला असतो. आपल्या सोरपोतेलाची गोडी जाणणाऱ्यांस हे अन्न परके वाटणार नाही.

या परंपरेस कीर्ती मिळाली ती ‘मेर’, म्हणजे ‘माता’, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणींमुळे. त्यांतील युजेनी ब्राझिए यांचा जन्म 1895 साली एका शेतकरी कुटुंबात झाला. दहाव्या वर्षी आई वारली. पुढे विवाहाविना मूल झाले, म्हणून पित्याने त्यांना घराबाहेर काढले. लियोंत त्यांनी चाकरी केली, स्वयंपाक शिकल्या आणि 1921 साली स्वतःचे अन्नगृह उघडले. 1933 साली त्यांच्या दोन अन्नगृहांना मिशलँ मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे दिले. असा मान त्यापूर्वी कोणासही लाभला नव्हता. पुढे जगद्विख्यात झालेले पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याकडे उमेदवारी करीत असता गाईचे दूधही काढीत. घराने टाकून दिलेल्या मुलीच्या दारी अखेर मोठमोठे लोक पाहुणे म्हणून आले!

प्रवाशाने काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. दुपारचे जेवण साधारणपणे बारा ते दोन या वेळात मिळते. उशिरा येणाऱ्यास उपाशी परतावे लागेल. आत शिरताच ‘बोंजूर’ म्हणावे. ‘मेन्यू’ म्हणजे ठराविक किमतीचे क्रमवार जेवण. ते सुट्या पदार्थांहून बहुधा स्वस्त पडते. पाव आणि सुरईतील साधे पाणी यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. सेवेचा आकारही बिलातच धरलेला असतो. खुशी दिल्यास ती ऐच्छिक.

2010 साली युनेस्कोने फ्रेंच भोजनपद्धतीस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. हा मान एखाद्या पदार्थास नसून जन्म, विवाह अशा प्रसंगी आप्तेष्टांनी एकत्र बसून, सावकाश जेवण्याच्या रीतीस आहे. अन्न महाग असो वा वजडीचे, ते ज्याच्या श्रमातून आले त्याची आठवण ठेवून खावे, हेच बुशोंच्या टेबलावर शिकायला मिळते.