कॉफी भाजणारे यंत्र आणि त्याचे रुसवे

कॉफीचा कच्चा दाणा नाकाशी धरून पाहिला आहे का तुम्ही? ज्याला आपण कॉफीचा वास म्हणतो त्याचा त्यात मागमूसही नसतो. फिकट हिरव्या रंगाचा, दगडासारखा टणक असा हा दाणा हुंगला तर वाळलेल्या गवताची आठवण येते. कॉफीचा रंग, वास आणि चव या तिन्ही गोष्टी भाजताना जन्माला येतात. दाण्याचे तापमान दहा-पंधरा मिनिटांत २०० अंश सेल्सिअसच्या पुढे न्यायचे आणि योग्य क्षणी थांबायचे, एवढेच हे काम. सांगायला सोपे, साधायला अवघड.

दक्षिण भारतात अनेक घरांत हे काम पूर्वी शेगडीवर होत असे. दांडा असलेले पत्र्याचे पिंप निखाऱ्यांवर आडवे ठेवायचे आणि हाताने गरगरा फिरवत राहायचे. आपल्या देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत पिकते, तेव्हा ही रीत तिकडे रुजली यात नवल नाही. महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत. आता विजेवर चालणारी, मिक्सरएवढ्या आकाराची भाजणी यंत्रे घराघरांत येऊ लागली आहेत. ती वापरणारे लोक एकच तक्रार करतात: "काल छान भाजले, आज तेच केले तर बिघडले." यंत्र लहरी नसते. त्याच्या प्रत्येक रुसव्यामागे नववी-दहावीच्या पुस्तकातला एखादा नियम लपलेला असतो. तो शोधायचा कसा, ते पाहू.

प्रथम दाण्याच्या पोटात काय घडते ते समजून घेऊ. कच्च्या दाण्यात वजनाच्या १० ते १२ टक्के पाणी असते. पहिली काही मिनिटे पुरवलेल्या उष्णतेचा बराच मोठा भाग हे पाणी घालवण्यातच खर्च होतो. १५० अंशांच्या आसपास दाणा पिवळा पडतो आणि भाजक्या पावासारखा वास सुटतो. यापुढे साखरेचे आणि प्रथिनांतील घटकांचे परस्परांवर जे संस्कार होतात, त्यांचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली जाहीर केला. भाकरीचे तपकिरी डाग, खरपूस भाजलेले शेंगदाणे, सर्वांचा वास याच अभिक्रियांतून येतो.

तापमान २०० अंशांच्या जवळ आले की दाणे तडतडू लागतात. यालाच पहिली तडतड म्हणतात. बंद भांड्यात २०० अंशांना पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब हवेच्या दाबाच्या सुमारे साडेपंधरा पट असतो. दाण्यातले पाणी तोवर बरेच कमी झालेले असते आणि वाफ झिरपूनही जाते, त्यामुळे आतला दाब एवढा चढत नाही. तरीही दाण्याची भिंत फाडण्यास तो पुरतो. मक्याच्या लाह्या फुटतात तेही याच कारणाने, मात्र सुमारे १८० अंशांना. लाही उलटी होऊन फुलते, कॉफीचा दाणा फक्त मधोमध उकलतो आणि फुगतो. २२५ अंशांच्या आसपास दुसरी तडतड होते. तिचा आवाज बारीक आणि भराभर, फोडणीत जिरे टाकल्यासारखा असतो. तिला दाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड आणि ठिसूळ झालेल्या पेशीभित्ती कारणीभूत असतात. त्यानंतर दाण्यावर तेल दिसू लागते, धूर वाढतो आणि कोळसा फार दूर राहत नाही.

घरगुती यंत्रे मुख्यत्वे दोन जातींची असतात. एका जातीत दाणे फिरत्या पिंपात घोळतात. ही जुन्या पद्धतीची नात. न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यांनी १८६४ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. पिंपाच्या आत नागमोडी पाती बसवून दाणे पुढेमागे सरकत राहतील आणि पिंप विस्तवावरून न उतरवता रिकामे करता येईल, अशी त्यांची युक्ती होती. दुसऱ्या जातीत खालून गरम हवेचा झोत सोडतात आणि दाणे त्या हवेत उसळत राहतात. अमेरिकेतील रसायन अभियंते मायकेल सिव्हेट्झ यांनी १९७६ साली या पद्धतीच्या यंत्राचे पेटंट मिळवले.

या दुसऱ्या जातीचे यंत्र भौतिकीच्या विद्यार्थ्याला अधिक गमतीचे वाटावे. समजा, ९ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या नळकांड्यात १०० ग्रॅम दाणे आहेत. दाण्यांचे वजन सुमारे ०.९८ न्यूटन आणि तळाचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर दाब येतो जवळजवळ १५४ पास्कल. म्हणजे पाण्याच्या दीड सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा! पंख्याने एवढाच दाब भरून काढला की सारा थर हवेवर तरंगू लागतो आणि पाण्यासारखा खळाळतो. दाणे दुप्पट घातले तर दाबही दुप्पट लागतो. पंख्याला तो पेलवत नाही. मग तळाचे दाणे करपतात, वरचे कच्चे राहतात आणि आपण कॉफीच्या व्यापाऱ्याला दोष देतो. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दाण्यांचे जे माप दिलेले असते त्याचे कारण हे आहे. भाजता भाजता दाण्यांचे वजन घटते आणि आकारमान दीडपट ते दुप्पट होते, म्हणून शेवटी शेवटी तोच झोत त्यांना फार उंच उडवू लागतो. ज्या यंत्रात पंख्याचा वेग बदलता येतो, तिथे सुरुवातीला झोत जोराचा ठेवून पुढे हळूहळू कमी करावा.

आता थोडा उष्णतेचा हिशेब. १०० ग्रॅम दाण्यांत १० ग्रॅम पाणी धरू. त्याची वाफ करण्यास सुमारे २२,६०० ज्यूल लागतात. दाण्यांची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला अंदाजे १.७ ज्यूल मानली, तर ते २५ पासून २०० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३०,००० ज्यूल. एकूण झाले ५२,००० च्या आसपास. आणि १२०० वॅटचे यंत्र दहा मिनिटांत विजेकडून घेते ७,२०,००० ज्यूल! शंभरातले सात भागच दाण्याच्या वाट्याला आले. बाकीची उष्णता गरम हवेबरोबर स्वयंपाकघरात जाते. इतकी उधळपट्टी असूनही या यंत्रात दाणे एकसारखे भाजतात, कारण हवा प्रत्येक दाण्याला सगळ्या बाजूंनी भिडते. पिंपाच्या यंत्रात दाणा तापलेल्या पत्र्यालाही टेकतो, त्यामुळे तिथे वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही मार्गांनी उष्णता पोचते, पण डाग पडण्याचा धोकाही वाढतो.

आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे असे पिंपाचे यंत्र आहे. एकदा ते शिक्षकांच्या खोलीत वैतागून म्हणाले, "अहो सर, सकाळी हे यंत्र दहा मिनिटांत तडतड ऐकवतं आणि संध्याकाळी सोळा मिनिटं झाली तरी गप्प. परत पाठवून देतो आता." मी म्हटले, "पाठवा, पण त्याआधी मला तुमच्या घरी मल्टिमीटर घेऊन येऊ द्या." संध्याकाळी सात वाजता, यंत्र चालू असताना, प्लगपाशी व्होल्टेज भरले १९८. सकाळी तेच २३० होते.

फरक दिसायला लहान, शेकडा चौदा. पण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे सूत्र आपण पाठ करतो आणि विसरतो. १९८ ला २३० ने भागून वर्ग केला तर ०.७४ येतो. म्हणजे १२०० वॅटचे यंत्र संध्याकाळी ८९० वॅटचे झाले होते. (नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून हे सूत्र इथे सरळ वापरता येते, दिव्याच्या टंगस्टन तारेला ते असे लावता येणार नाही.) त्यातच यंत्राच्या भिंतीतून उष्णता सतत बाहेर जात असते. पुरवठा घटला आणि गळती तशीच राहिली, तर दाण्यांसाठी उरते ते फारच थोडे. अशी रेंगाळत भाजलेली कॉफी रंगाने ठीक दिसते, पण चवीला मचूळ लागते.

त्यांच्या घरी आणखी एक गोष्ट निघाली. यंत्र एका बारीक, लांबलचक एक्स्टेन्शन वायरला जोडलेले होते. पंधरा मीटर लांबीची, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन तीस मीटर तारेचा रोध सुमारे १ ओहम भरतो. यंत्राचा रोध ४४ ओहम. म्हणजे साडेचार टक्के शक्ती आणखी कमी, आणि वायरमध्ये पंचवीसएक वॅट उष्णता. गुंडाळी करून ठेवलेली अशी वायर हाताला गरम लागली तर ती ताबडतोब काढावी. यंत्र सरळ भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडावे. प्राध्यापकमहाशय आता सकाळीच भाजतात, आणि यंत्र त्यांच्याकडेच आहे.

झोताच्या यंत्राचा नेहमीचा आजार वेगळा. ते मधेच बंद पडते. प्रत्येक दाण्यावर कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखे एक चंदेरी आवरण असते. भाजताना ते सुटून उडते आणि वरच्या जाळीत अडकते. ही फोलपटे साचली की हवेची वाट अडते. तापक तार मात्र तेवढीच उष्णता देत राहते. थोड्या हवेला तेवढीच उष्णता मिळाली तर ती हवा अधिक तापणार, हे उघड आहे. मग यंत्रातली द्विधातूची पट्टी वाकते आणि प्रवाह तोडते. पंधरा-वीस मिनिटांनी यंत्र आपोआप पुन्हा चालू होत असेल तर समजावे की पट्टीने आपले काम केले आहे; दोष जाळीत किंवा पंख्याच्या तोंडाशी शोधावा. जाळी दर वेळी झटकली तर हा आजार होतच नाही. पण पंखा फिरतो आहे आणि यंत्र कितीही थंड झाले तरी हवा गरम होत नाही, असे असेल तर तापक तार तुटली असेल किंवा आतला थर्मल फ्यूज कायमचा वितळला असेल. तो फ्यूज काढून तिथे तारेचा तुकडा जोडणारे कारागीर भेटतात. त्यांच्या हाती यंत्र देऊ नये. कोरडी फोलपटे आणि बेताल तापणारी तार एकत्र आली की आग लागायला वेळ लागत नाही.

तापमापीचा घोटाळा हा तर प्रयोगशाळेत शिकवावा असा विषय आहे. पिंप आधी २०० अंशांपर्यंत तापवून त्यात दाणे टाकले की आकडा झरझर उतरतो, ९० च्या आसपास थांबतो आणि मग चढू लागतो. दाणे आधी थंड झाले आणि मग तापले की काय? तसे मुळीच नाही. दाणे टाकल्या क्षणापासून तापतच आहेत. तापमापी नेहमी स्वतःचे तापमान सांगते, आणि तिच्या अंगची आधीची उष्णता जायला वेळ लागतो. तसेच दाण्याच्या पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत, म्हणजे दोनेक मिलिमीटर, उष्णता शिरायला सुमारे चाळीस सेकंद लागतात. यामुळे फार घाईने भाजलेला दाणा बाहेरून काळपट आणि आत पिठूळ राहतो. कात्रीने किंवा अडकित्त्याने दाणा फोडून पाहिला की हे लगेच कळते.

म्हणून माझे मत असे, की आकड्यापेक्षा कानावर अधिक विसंबावे. पाण्याचा उत्कलनबिंदू वापरून आपण तापमापी तपासतो, तशी पहिली तडतड ही इथली खूण समजावी. तुमच्या यंत्रावर ती दर वेळी १८५ ला ऐकू येत असेल तर यंत्र बिघडलेले नाही. त्याचा आकडा तेवढा कमी दिसतो, एवढे वहीत लिहून ठेवावे. वहीत दाण्यांचे वजन, व्होल्टेज, तडतडीची वेळ आणि भाजल्यानंतरचे वजन यांचे रकाने असावेत. शाळेच्या तराजूवरही १०० ग्रॅमचे ८५ ग्रॅम झालेले स्पष्ट दिसतात. वजनातली घट तडतडीच्या आसपास थांबवल्यास कमी आणि पुढे नेल्यास जास्त भरते, हा आलेख वर्गात काढण्याजोगा आहे. कच्चे दाणे मिळाले नाहीत तर मक्याच्या दाण्यांवरही असा प्रयोग करता येईल, मात्र मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच.

भाजणे चालू असताना यंत्राजवळून हलू नये. धूर एकाएकी वाढला किंवा ज्वाळा दिसली तर झाकण उघडू नये. प्लग काढावा आणि आतली हवा संपू द्यावी. पाणी ओतण्याचा मोह टाळावा. विजेच्या यंत्रावर पाणी म्हणजे दुसरे संकट. आणि नेमक्या तडतडीच्या वेळी वीज गेली तर? पंखा थांबला तरी दाणे तापलेलेच असतात आणि एकमेकांच्या उबेत आतल्या आत भाजत राहतात. अशा वेळी आगीचे चिन्ह नाही याची खात्री करून, हातमोजे घालून ते मोठ्या परातीत पसरावेत. नंतर सुपात घेऊन पाखडावेत. दाणेही निवतात आणि फोलपटेही उडतात. यंत्राचा थंड करण्याचा पंखा जे तीन-चार मिनिटांत करतो ते काम आजीचे सूप जवळजवळ तेवढ्याच वेळात करते.

निवलेले दाणे लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरू नयेत. त्यांतून पुढचे काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि पहिल्या दिवशी सर्वांत जास्त. पातळ पिशवीत भरून तोंड चिकटवले तर ती दुसऱ्या दिवशी फुगलेली दिसते. दुकानातल्या कॉफीच्या पाकिटावर एक लहानसे गोल छिद्र असते, ते पाहिले असेल. त्यात एक झडप असते. आतला वायू ती बाहेर जाऊ देते, बाहेरची हवा आत येऊ देत नाही.