‘पित्त झालंय’ म्हणून दुखणे अंगावर काढू नका

कोपरीत काय, खाडीपलीकडे कळव्या-मुंब्र्यात काय, पोटात वरच्या बाजूला दुखले की आपल्या घरांत एकच निदान होते: पित्त! मग सोडा, जिऱ्याचे पाणी, थंड दूध. पण आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा जठरातले आम्ल असते. पित्ताशयातले खडे हा निराळा आजार आहे. तो बायकांत अधिक आढळतो आणि घरचे काम पुढे ठेवून दुखणे लपवणाऱ्याही त्याच असतात.

बिर्याणी किंवा इफ्तारच्या तळणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, काही तासांनी थांबते. असे पुन्हा पुन्हा झाले तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

खडे आहेत पण त्रास कधीच झाला नाही, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. झटके येऊ लागले की मात्र पित्ताशय काढणे हाच खात्रीचा इलाज. तेलकट कमी केल्याने झटके कमी होतील, खडे विरघळणार नाहीत. विरघळवणारी गोळी असते, पण ती लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालते. महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि थांबवल्यावर अनेकांना खडे पुन्हा होतात. खडा पित्तनलिकेत अडकला तर तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात.

शस्त्रक्रियेची भीती आम्हाला समजते. पण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हापासून मोठ्या टाक्यांचे दिवस मागे पडले. आता चार लहान छिद्रे पुरतात. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पित्त यकृतात तयार होते, म्हणून पित्ताशयावाचून जेवण पचते. काहींना काही दिवस जुलाब होतात, इतकेच.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, किंवा पाच-सहा तास न थांबणारी कळ: यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतते.

कोपरीकरांना कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रमजान जवळ असेल तर रोज्यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहेच. ‘लग्न उरकू दे, ईद होऊ दे’ म्हणत अम्मीची सोनोग्राफी मात्र पुढे ढकलू नये.