ट्रान्सफॉर्मरला आकाशातून डीसी

मशीन्सच्या व्हायवात एक प्रश्न ठरलेला: "ट्रान्सफॉर्मरला डीसी दिला तर काय होईल?" "जळेल, सर," म्हणून मीही सुटलो. पण असला गाढवपणा करणार कोण, हा प्रश्न डोक्यात राहिलाच. उत्तर पुढे एका जुन्या बातमीत सापडलं: सूर्य!

मित्रांनो, आपल्या डोक्यावर शंभरेक किलोमीटरवरची हवा इतकी विरळ आणि आयनीभूत असते की ती चक्क वीजवाहक बनते. सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की ध्रुवीय प्रदेशांवर याच थरातून पूर्व-पश्चिम प्रवाह जोरात वाहू लागतात. मोठ्या वादळात ते दहा लाख अँपिअरच्या घरात जातात. हा प्रवाह काही खाली उतरत नाही. पण तो मिनिटामिनिटाला कमीजास्त होतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि मग आपले फॅरेडेसाहेब हजर! जमिनीत दर किलोमीटरला एखाद-दोन व्होल्ट प्रेरित होतात.

एवढ्याने काय होतंय, असं मलाही वाटलं. पण कॅनडात क्वेबेकला जेम्स बे जलविद्युत केंद्रांकडून येणाऱ्या ७३५ केव्हीच्या लाइन सुमारे हजार किलोमीटर लांब. त्यात खालचा खडक विजेचा वाईट वाहक. मग प्रवाहाने अर्थ केलेल्या न्यूट्रलमधून वर चढून लाइनचीच वाट धरली. ६० हर्ट्झपुढे मिनिटांत बदलणारा प्रवाह म्हणजे डीसीच की! कोअर अर्ध्या सायकलला सॅच्युरेट, हार्मोनिक्सचा धुमाकूळ, रिॲक्टिव्ह पॉवरची मागणी वाढलेली. आणि ती सांभाळणारे सात स्टॅटिक कॉम्पेन्सेटर नेमके हार्मोनिक्समुळेच मिनिटभरात ट्रिप झाले. १३ मार्च १९८९, पहाटे पावणेतीन. दीड मिनिटात ग्रिड बसली आणि साठ लाख लोक थंडीत नऊ तास विजेविना. न्यू जर्सीत सेलम अणुकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर तर कायमचा गेला. एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर काही दुकानात तयार मिळत नाही.

आपण ध्रुवापासून लांब, म्हणून निवांत? बऱ्याच अंशी हो. पण २ सप्टेंबर १८५९ च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली होती. तेव्हा देशात ग्रिड नव्हती. आज ७६५ केव्हीच्या लांबलचक लाइन आहेत.

गंमत म्हणजे पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या डीसीने मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. तिथे ते आजही चालू आहे.