रोखीचा व्यवहार

नातवाला आळशी ठरवणारा पहिला माणूस मीच. नऊ वर्षांचा हा मुलगा आमच्या चिंचवडच्या घरात एक बूट घालून अर्धा अर्धा तास खिडकीतून ट्रक पाहत बसे. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितले, तेव्हा ‘ही आजकालची फॅडं’ असे मी सुनेला ऐकवलेही.

पुढे वाचनात रसेल बार्कली आले. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे १९९७ च्या ग्रंथातले म्हणणे असे, की अशा मुलाला काय करायचे ते ठाऊक असते; ते वेळेवर हातून घडत नाही. लांबचा काळ त्याला दिसतच नाही. मला बँक आठवली. ‘परीक्षेनंतर सायकल’ ही आमची मुदत ठेव. त्याला हवा रोखीचा व्यवहार!

मार्ग काढला त्याच्या बापाने. तो चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो. तिथे कुणाच्या आठवणीवर काम सोडत नाहीत. सुट्या भागांचा खोका रिकामा झाला, की त्याचे कार्ड मागच्या विभागाकडे जाते. टोयोटात ताइची ओनो यांनी रुजवलेली ही ‘कानबान’. आमच्या दाराशी फळा लागला. दात, आंघोळ, डबा, दप्तर. काम झाले की चिठ्ठी नातवानेच सरकवायची, शाबासकी तिथल्या तिथे. चारही सरकल्या, की खाली माझ्याबरोबर दहा चेंडू.

तीन आठवडे झकास गेले. मग त्याला चेंडूंचाही कंटाळा आला! आता बक्षीस तोच दर सोमवारी ठरवतो. डॉक्टरांकडे जाणे चालूच आहे.

परवा फळ्यावर पाचवी चिठ्ठी दिसली, त्याच्या वाकड्या अक्षरात: ‘आजोबांची बीपीची गोळी’. दोन दिवस मी ती विसरलो होतो.